मी मासा रंगवलेला नाही

आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्यांची अशी ठाम समजूत आहे, की मी घरातला एक जिवंत मासा रंगवला. ही मंडळी शिकलेली आहेत. त्यांच्यात बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, इंजिनियर आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आशाताई तर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. तरीही. या लोकांना मताचा अधिकार आहे, गाडी चालवायचा परवाना आहे आणि लिफ्टमध्ये कुणीही सोबत नसताना हवं ते बटण दाबायची मुभा आहे, याचा विचार केला की मला घाम फुटतो.

मी वाल्मीक थेटे. उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात केली, पेंट शॉपमध्ये. लोकांना वाटतं रंग देणं म्हणजे डबा उघडायचा आणि ब्रश फिरवायचा. विमानाचा जुना रंग आधी उतरवावा लागतो, पत्रा घासावा लागतो, पुसावा लागतो, प्रायमर देऊन गप्प बसावं लागतं, आणि मग वरचा रंग असा द्यावा लागतो की ढगातून त्या वेगाने जाताना त्याचा टवकासुद्धा उडू नये. माझ्या हातून गेलेल्या विमानाचा टवका उडाला अशी तक्रार कधी आली नाही. पण निवृत्त झाल्यावर रंगाबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारील तर शपथ! मी सकाळचा फिरायला गेलो असताना माझ्या बायकोने, सुवर्णाने, बाहेरचा माणूस बोलावून स्वयंपाकघर रंगवून घेतलं. मी परत आलो तेव्हा प्रायमर न देताच दुसरा हात चालू होता. "तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं," असं ती वर म्हणाली. मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे रात्री जेवलो, पण बोललो नाही.

अशात सोसायटीला बाहेरून रंग द्यायचं निघालं. सिंहस्थ तोंडावर आलेला, सगळं नाशिक रंगायला लागलेलं. पुलांचे कठडे रंगले, दुभाजक रंगले, रस्त्याकडेच्या भिंतींवर साधू उमटले. तेव्हा आपणच पोपडे धरून का बसायचं, असा विचार आमच्या कमिटीच्या मनात आला. कमिटीच्या मनात विचार येणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. कामावर देखरेख करायला एक माणूस नेमायचा होता. बिनपगारी, मानाचा. सर्वसाधारण सभेत नाव ठरणार होतं. मला ते काम हवं होतं. आडपडदा न ठेवता सांगतो, इतकं हवं होतं की रात्री अंथरुणात मी परांचीवर उभा राहून मजुरांना ओरडत असे. पुन्हा एकदा कुणीतरी आपल्याला विचारावं, "थेटेसाहेब, हे वाळलं का? दुसरा हात मारू का?" एवढंच.

आडवे आले ललितराव बोरस्ते, सोसायटीचे सचिव. त्यांचा निफाडचा मेहुणा रंगकामाची कंत्राटं घेतो. म्हणजे काम मेहुण्याला आणि देखरेख ललितरावांना, असा तो घरगुती बेत होता. ललितरावांना रंगातलं काय कळतं म्हणाल, तर त्यांनी स्वतःचे केस रंगवलेले आहेत, आणि तेही कानावर ओघळ ठेवून.

आता मासा. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर म्हणाले, घरात मासे ठेवा, बघत बसा. साधे गोड्या पाण्यातले चार मासे आणले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मी सुवर्णाला घेऊन कॉलेज रोडवरच्या हर्षलच्या दुकानात गेलो. या मुलाला मासे विकताना स्वतःचं चित्रीकरण करायची सवय आहे. त्याने मला एका टाकीपुढे उभं केलं. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना काळी बारीक किनार. काय कटिंग होतं त्या किनारीचं! मास्किंग टेप लावून मारल्यासारखी रेघ. मी तिथेच विरघळलो.

"क्लाऊन आहेत काका. एकदम भारी पीस. मोठी आहे ती मादी, छोटा तो नर," हर्षल म्हणाला.

"मोठी ती मादी?"

"यांच्यात तसंच असतं. तिचंच चालतं."

हे ऐकून सुवर्णाने खरेदीला ताबडतोब मंजुरी दिली आणि घरी आल्याबरोबर मादीचं नाव मोठीबाई ठेवलं. नराचं नाव ठेवायची तिला गरज वाटली नाही.

हे मासे खाऱ्या पाण्यातले. दाराशी गोदावरी असताना आम्ही पाकिटातून समुद्र आणला. त्या मिठाचं पाणी करा, त्याचा खारेपणा मोजा, उष्णता मोजा, टाकीत सोडा. विमानाच्या रंगालाही एवढी नाटकं नसतात. तेही केलं. मासे रुळले, खाऊ लागले, मला ओळखू लागले. मग हर्षल म्हणाला की यांना घर लागतं. त्याने मला एक अ‍ॅनिमोन दिलं. अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल. दिसायला झुपकेदार फूल, पण असतो प्राणी, आणि त्याच्या प्रत्येक पाकळीला डंख. बाकीचे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत, क्लाऊन मात्र त्यात शिरून झोपतो. मोठीबाईने आधी लांबून पाहिलं, मग शेपटी लावून पाहिली, मग पोट घासलं, आणि एका संध्याकाळी ती सरळ आत जाऊन बसली. नर बाहेरच राहिला. त्याला बहुधा विचारलं नव्हतं.

यानंतर थोड्याच दिवसांत मोठीबाईच्या अंगावर काळं आलं. पोटाच्या कडेला, कल्ल्याच्या मागे, शेपटीच्या बुडाशी. काजळाचं बोट पुसावं तसे डाग. मी चष्मा पुसला, काच पुसली, दिवा बदलला. डाग तसेच. उभ्या आयुष्यात रंगात डाग दिसला की माझा हात पॉलिश पेपरकडे गेला. इथे तर रंग जिवंत होता आणि माझ्याकडे बघत होता.

हर्षलला फोन केला. तो म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं. एक औषध देतो." दुकानदाराला काही कळत नसलं की तो बाटली देतो. ते औषध टाकीत नाही, वेगळ्या बादलीत घालायचं आणि माशाला त्यात थोडा वेळ ठेवायचं, अशी पद्धत. बाटली उघडली मात्र, माझी बोटं निळी झाली, बादली निळी झाली, सुवर्णाचा टॉवेल निळा झाला. मोठीबाईला जाळीत धरलं तर खवले खरचटतील, म्हणून मी माझा जुना मऊ केसांचा ब्रश घेतला आणि तिला हळूच ढकलत वाडग्यात घेतलं. बसायला काही नव्हतं म्हणून रेड ऑक्साइडच्या रिकाम्या डब्यावर बसलो.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. पेंट शॉपमधला निवृत्त माणूस रंगाच्या डब्यावर बसलाय. पुढ्यात बादली. खांद्यावर फडकं. बोटांना निळा रंग. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात वाडगं आणि वाडग्यात नारिंगी मासा. आणि नेमक्या त्याच क्षणी सभेच्या नोटिशीवर सही घ्यायला ललितराव बोरस्ते उघड्या दारातून आत आले.

त्यांनी डब्याकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. मीच म्हणालो, "औषध लावतोय."

"असं होय," ते म्हणाले. "लावा, लावा. चालू द्या तुमचं." सही न घेताच ते गेले. सही न घेता गेलेला सचिव मी आजवर पाहिलेला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर आला: 'थेटेकाकांकडे एक अभिनव रंगप्रयोग सुरू आहे. इच्छुकांनी भेट द्यावी. सचिव.' आणि खाली हात जोडलेले. आमच्या लोकांना पाणी आलं नाही तर वर गच्चीवर जाऊन बघायला वेळ नसतो; पण संध्याकाळी माझ्या दारापुढे चपलांचा ढीग पडला.

सगळ्यांनी मोठीबाईला पाहिलं. काळे डाग पाहिले. आणि रसायनशास्त्राच्या आशाताईंनी त्यावर शास्त्रीय निर्णय दिला.

"बघा, मूळ मासा काळा असणार," त्या म्हणाल्या. "वरून नारिंगी दिलेला दिसतो. आता तो निघायला लागलाय. पाण्यात सतत राहिल्यावर निघणारच."

"आशाताई, तो जन्मतःच नारिंगी आहे."

"तसं कसं म्हणता? तुम्ही कोणता वापरलात, ऑइल पेंट का डिस्टेंपर?"

डिस्टेंपर! विमानाचा रंग ज्याने दिला त्याला ही बाई विचारते डिस्टेंपर! आणि ही मुलांना पास-नापास करते.

तळमजल्यावरच्या मालनबाई मुलाकडे निफाडहून राहायला आलेल्या. त्यांचा मात्र रंगावर विश्वास नव्हता. "भाऊ, रंग-बिंग काय नाय. नजर लागली हाय. लय देखणी होती ना ती, मी पयल्या दिशीच म्हनले होते." त्यांनी मूठभर मीठमोहरी आणली, टाकीभोवती ओवाळली आणि मी हां-हां म्हणेपर्यंत टाकीतच सोडली. एरवी विस्तवावर टाकतात. पण काचेच्या घरात विस्तव कुठला, असा त्यांचा सारासार विचार. मोहरी तरंगली, मग गोल फिरली, मग फिल्टरच्या तोंडात जाऊन बसली. फिल्टर घुर्र करून थांबला. मी आणि सुवर्णा रात्रीपर्यंत चिमट्याने मोहरी वेचत होतो. मोठीबाई समुद्रफुलात बसून आमच्याकडे बघत होती.

खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. रक्तदाबाच्या गोळीवर तसं लिहिलेलंही असेल. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ललितराव भेटले आणि सहज हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "काय थेटेकाका, मासा काही जमला नाही वाटतं. फिनिशिंग गेलं ना? वय झालं की हात थरथरतो. आणि सोसायटीची भिंत तर किती मोठी."

मला काय झालं ते मला माहीत नाही. मी ओरडलो, "मी रंगवला असता ना बोरस्ते, तर मासा मेला असता, पण रंग निघाला नसता!"

लिफ्टमध्ये आणखी तिघे होते. लिफ्ट खाली पोचायच्या आत ते वाक्य वर पोचलं होतं. सुवर्णाने दार उघडतानाच विचारलं, "मासा मेला असता असं म्हणालात का हो तुम्ही?"

तेव्हापासून माझी दोन्हीकडून कोंडी झाली. निम्मी सोसायटी म्हणे, हा क्रूर माणूस आहे. उरलेली निम्मी म्हणे, क्रूर असू दे, पण याला रंगकाम येत नाही, आणि हा दुसरा पक्ष मला जास्त लागत होता. जिन्यात लोक आपसांत बोलत, "साधा बोटभर मासा नीट रंगवता आला नाही, सात मजले काय रंगवणार?" मी मासा रंगवला की नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता. तो वाईट रंगवला याबद्दल सगळ्यांची खंत होती. अध्यक्ष सहादूअण्णा, जे कोणत्याही सभेत दुसऱ्या विषयाला झोपतात, त्यांनीसुद्धा मला गेटपाशी थांबवून सांगितलं, "थेटे, आपल्याला झेपेल तेवढंच करावं माणसाने." ते काय म्हणताहेत हे मला कळलं. देखरेखीचं काम माझ्या हातून चाललं होतं.

वर ललितरावांनी कुठल्याशा प्राणिमित्र संस्थेला कळवलं की आमच्या सोसायटीत एक गृहस्थ माशांना रंग फासतात, आणि मासा मेला तरी चालेल असं त्यांनी साक्षीदारांसमक्ष बोलून दाखवलंय. रविवारी सकाळी दारात एक तरुण बाई उभी. डॉक्टर पूजा, जनावरांच्या डॉक्टर. खांद्याला पिशवी, चेहरा गंभीर. सुवर्णाने त्यांना आधी पोहे दिले, कारण आमच्याकडे जप्ती आली तरी तिला आधी पोहे मिळतात.

पोहे बाजूला ठेवून डॉक्टर पूजा टाकीपुढे पाटावर बसल्या. बराच वेळ बसल्या. मोठीबाई समुद्रफुलातून बाहेर आली, फिरली, पुन्हा आत गेली आणि दोन्ही कुशींनी घासत बसली.

"हे अ‍ॅनिमोन कधी आणलं?"

मी सांगितलं.

"आणि डाग त्याच्यानंतर आले."

"हो. पण त्याचा काय संबंध?"

"तोच संबंध. डंख बसतो त्याचा. नवीन असताना माशाचं अंग सरावलेलं नसतं, जिथे घासतं तिथे काळं पडतं. छोट्याच्या अंगावर नाही बघा, तो आत जातच नाही. सरावली की डाग आपोआप जातील."

"मग औषध?"

"काही नाही."

"पाणी बदलू? दिवा कमी करू? खाण्यात काही?"

"पाणी नेहमी बदलता तसंच बदला. बाकी काहीही करू नका काका. हेच लोकांना जमत नाही."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यापुढे आणखी पोहे ठेवले. म्हटलं, डॉक्टर, एवढं एका कागदावर लिहून द्या. मासा रंगवलेला नाही, सहीशिक्का. मी खाली बोर्डावर लावतो आणि विषय संपवतो.

त्या म्हणाल्या, "तसा दाखला आमच्याकडे नसतो."

"म्हणजे?"

"प्राण्याला इजा झालेली आढळली तर रिपोर्ट करतो. काही आढळलं नाही तर रिपोर्ट कशाचा करणार?"

"अहो, पण आढळलं नाही हेच लिहा ना."

"त्याला फॉरमॅट नाही. रंग लावलेला असता तर लगेच दिला असता."

म्हणजे निर्दोष असल्याचा कागद हवा असेल तर आधी थोडा गुन्हा करायला हवा होता. मी त्यांना म्हणालो, की तुम्ही खाली येऊन चार लोकांना तोंडी तरी सांगा. त्यांना दुपारी मालेगावला एका घोडीला बघायला जायचं होतं. निघताना सौजन्य म्हणून त्यांनी विचारलं, काका तुम्ही काय करत होतात. मी म्हणालो, विमानं रंगवत होतो. "अच्छा," त्या म्हणाल्या आणि पायांत सँडल घातले.

मग सुरू झालं काही न करणं. ज्याने जन्मभर डाग दिसला की घासला, त्याला डागासमोर हात बांधून बसायला सांगणं ही शिक्षा आहे. मी टाकीकडे पाठ करून बसून पाहिलं. पेपर वाचून पाहिला. दोनदा तर माझा हात ब्रशकडे गेला आणि सुवर्णाने तो ब्रश उचलून माळ्यावर टाकला. तरी माझ्या मनात पाल चुकचुकतच होती. सभेचा दिवस जवळ येत होता, डाग तिथेच होते आणि ग्रुपवर ललितरावांच्या मेहुण्याने याआधी रंगवलेल्या इमारतींचे फोटो पडू लागले होते. सगळ्या इमारती जांभळ्या होत्या. सगळ्यांखाली अंगठे होते.

आणि मग डाग फिके पडायला लागले. आधी कल्ल्याचा गेला. शेपटीचा पुसट झाला. पोटाचा तर एका सकाळी शोधावा लागला. शेवटी मोठीबाईच्या अंगावर ती मूळची कोरी किनार आणि तो मूळचा नारिंगी, बस्स. समुद्रफुलात ती अशी निर्धास्त पडलेली, जणू तिथेच जन्मली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो. सुवर्णाच्याही आलं, पण ती म्हणाली, कांद्याचं.

मी दार उघडं ठेवलं. या म्हटलं, बघा. चपलांचा ढीग पुन्हा पडला. आशाताईंनी काचेला नाक लावलं. मालनबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. सगळे एकमेकांकडे बघत हळूहळू माना हलवत खाली गेले. मी म्हटलं, सुटलो. आमच्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो, पण पडतो.

सभा पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माइक, वेफर्स. ललितरावांचा मेहुणा शेडकार्ड मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. विषय पहिला, हिशेब, मंजूर. विषय दुसरा, रंगकाम. सहादूअण्णा झोपले नाहीत, हे पाहून मी सावरून बसलो.

ललितराव उठले. "देखरेखीसाठी थेटेकाकांचं नाव आलेलं आहे. व्यक्तिगत बोलायला नको, पण माशाचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाच्या हातात आपण इमारत—"

"थांबा," आशाताई म्हणाल्या. "मी तो मासा काल पाहिला. असं टचअप मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

"जोड कुठे आहे तो कळतच नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि ते पण पाण्याखाली!"

"जित्या माशाला! तो हालत असताना!" मालनबाई उभ्याच राहिल्या. "मी म्हनलं नजर हाय, पन नाय. लय मोठा हात हाय भाऊंचा. ह्यांनाच द्या."

ललितराव म्हणाले, "अहो पण रंग लावणं हा गुन्हा आहे! मुक्या प्राण्याला!"

"गुन्हा राहू द्या हो बाजूला," एक इंजिनियर म्हणाला. "फिनिशिंग बघा."

मी उठलो. माइक घेतला. मनाशी म्हणालो, वाल्मीक, हीच वेळ आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. समुद्रफूल, डंख, सरावणं, डॉक्टर पूजा, पोहे, फॉरमॅट. मी म्हणालो, मी त्या माशाला रंगाचं बोटसुद्धा लावलेलं नाही. डाग आपोआप आले आणि आपोआप गेले. मी काहीही केलं नाही. तुम्हाला माझा हात बघायचा असेल तर मी विमानं रंगवली आहेत, ती बघा. ती अजून उडताहेत.

मग सहादूअण्णांनी मला डोळा मारला. अध्यक्षांनी, भर सभेत, डोळा! "बरोबर आहे थेटे," ते म्हणाले. "असं उघड बोलूच नये. उगाच केस होते." आणि टाळ्या पडल्या. आशाताई टाळ्या वाजवत शेजारणीला म्हणाल्या, "किती नम्र आहेत बाई. श्रेय पण घेत नाहीत." मी पुन्हा म्हणालो, अहो खरंच नाही; तर टाळ्या वाढल्या. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, मेहुण्याने शेडकार्ड मिटलं. ललितरावांनी माझ्याशी हात मिळवला आणि कानात विचारलं, "कोणत्या कंपनीचा वापरलात, तेवढं तरी सांगा."

विमानांबद्दल कुणी काही विचारलं नाही. ती मी सभेपुढे मांडली आणि ती तिथेच पार्किंगमध्ये पडून राहिली. जे मी जन्मभर केलं त्याने मला हे काम मिळालं नाही. जे मी केलंच नाही त्याने मिळालं. नाकारावं, असं क्षणभर वाटलं. तोंडापर्यंत शब्द आला होता. तेवढ्यात एक गृहस्थ उठून म्हणाले, "थेटेसाहेब, पूर्वेच्या भिंतीला ओल आहे, आधी प्रायमर मारायचा का हो?" आणि मी म्हणालो, "ओल सुकल्याशिवाय ब्रश लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. काय सांगू, फार बरं वाटलं.

घरी आलो. सुवर्णाने चहा टाकला. आम्ही दोघं टाकीपुढे बसलो. मोठीबाई समुद्रफुलात, आणि नर आता कुठे काठावर शेपटी टेकवून बघत होता. मनात म्हटलं, जग जाऊ दे, निदान या घरात एक माणूस आहे जिने सगळं डोळ्यांनी पाहिलंय. मोहरी वेचताना बरोबर होती, डॉक्टर बोलल्या तेव्हा पोह्यांची ताटली घेऊन मागे उभी होती, ब्रश हिनेच माळ्यावर टाकला.

तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. इकडेतिकडे पाहिलं. मग जवळ सरकून, नव्या नवरीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मला एकटीला सांगा. मी नाही कुणाला बोलणार. लावलंत ना तिला काहीतरी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असं काही कौतुक होतं, जे विमानांच्या वेळी मी कधी पाहिलेलं नव्हतं. पगारवाढीच्या वेळी नव्हतं, निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली तेव्हाही नव्हतं. मी चहाचा एक घोट घेतला.

"दोन हात," मी म्हणालो. "मधे नीट वाळू देऊन."